बहीगाचा झगरूता

“बहीगा! अगं, तुझी वेळ झाली. मुलुखियाची भाजी उतरव!”

मी गच्चीवरून ओरडले. खालच्या मजल्यावरून बहीगाचा आवाज आला, “उतरवलीय गं बाई. तुझ्याआधी माझे कान जागे असतात!”

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या थिएटरच्या लाउडस्पीकरमधून तो आलाच. बहीगाचा झगरूता. जीभ ओठांवर थरथरवून काढलेला तो लांब, उंच, चढत चढत जाणारा नाद, जो निघाला की सात गल्ल्यांतल्या लोकांना कळतं की कुणाच्या तरी घरी लग्न ठरलं किंवा पोरगं जन्मलं. झगरूता आमच्याकडे सगळ्याच बायका घालतात. मीही घालते, माझा ऐकून मांजरं पळतात. बहीगाचा मात्र वेगळाच होता. एका दमात सुरू व्हायचा, वाटायचं आता संपेल, आणि तिथूनच वर चढायचा. आमच्या शुब्रा मोहल्ल्यातलं कुठलंही लग्न तिच्याशिवाय व्हायचं नाही. पुढे तर सिनेमातलीही होईनाशी झाली.

मी तफीदा. बहीगाच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहते. नवरा गेल्यावर बहीगानंच मला स्टुडिओत नेलं. सिनेमात मी गर्दी असते. बाजारातली बाई, जनाज्यातली बाई, दवाखान्यात रांगेत बसलेली बाई. तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखणार नाही. बहीगाचंही तोंड कधी दिसायचं नाही, पण तिचा आवाज अख्ख्या मिसर देशाला पाठ होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या उघड्या थिएटरात जो सिनेमा लागला होता त्याचं नाव काहीही असो, गल्लीत सगळे त्याला नायिकेच्या नावानं सुहेरचा सिनेमा म्हणत. घराची मागची भिंत तीच थिएटरची भिंत. गच्चीवरून पडद्याचा डावा अर्धा भाग फुकटात दिसायचा. नायक उजवीकडे उभा राहिला की सुहेर एकटीच वाऱ्याशी बोलते आहे असं वाटायचं. गोष्ट नेहमीचीच. सुहेरचं एका गरीब डॉक्टरवर प्रेम, बापानं शब्द देऊन ठेवलेला एका मिशाळ ‘बे’ला, बड्या जमीनदाराला. बाप म्हणतो, “मी मरेन पण माझा शब्द मरणार नाही.” मग लग्न, मग रडणं, मग खोकला. आमच्या सिनेमात शेवटी पोरीला क्षय झाला नाही तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. दर रात्री पहिल्या खेळाला अर्धी गल्ली गच्चीवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत रडायची, आणि लग्नाच्या प्रसंगाला बहीगाचा झगरूता आला की तिला चिडवायची.

तो झगरूता घेतला तेव्हा मी तिथेच होते, पाहुण्या बायकांच्या गर्दीत. सुहेर झालेली नटी पांढऱ्या वेषात ओक्साबोक्शी रडत होती. दिग्दर्शक बहीगाला म्हणाला, “मला आनंदाचा हवा. अगदी पोटातून. तिचं रडणं त्यात बुडून गेलं पाहिजे.”

बहीगा म्हणाली, “उस्ताद, पोर एवढी रडतेय आणि तिच्यासमोर मी असा घालू? माझ्या जिभेला लाज वाटते.”

“तिच्याकडे बघूच नकोस. माइककडे बघ.”

बहीगानं माइककडे पाहिलं, ओठांवर हात आडवा धरला आणि घातला. दिव्यांच्या मचाणावर चढलेली माणसंसुद्धा खाली बघायला लागली. ध्वनीवाले लबीब एफेंदी कानावरची यंत्रं काढून अदबीनं म्हणाले, “सित्त बहीगा, असा परत होणार नाही. हा मी जपून ठेवतो.” घरी येताना बहीगा ट्राममध्ये माझ्या खांद्यावर टेकून म्हणाली, “खोटं खोटं असलं तरी पोरगी रडत होती गं.” मी तिला हसले. मला तेव्हा भूक लागली होती.

बहीगाचं स्वतःचं असं काही नव्हतं. लग्न झालं होतं, मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं परत पाठवलं. ती माहेरी येते तोच थोरला भाऊ आणि वहिनी तापानं पाठोपाठ गेले आणि त्यांची सनिया हिच्या मांडीवर आली. तेव्हापासून आत्याच तिची आई. घर मात्र धाकट्या भावाचं, मुतवल्लीचं. मुतवल्ली ट्रामवर तिकीट तपासनीस होता. ट्राममध्ये लोक त्याला घाबरायचे, त्यामुळे घरीही घाबरावं अशी त्याची समजूत झाली होती. त्याची बायको नगिया, तिची चार पोरं, बहीगा आणि सनिया, सगळे तीन खोल्यांत.

कोपऱ्यावर फिक्रीचं इस्त्रीचं दुकान. लांब दांड्याची जड इस्त्री तो पायानं रेटत असे, आणि तोंडात पाणी भरून कपड्यांवर फवारा उडवत असे. सनिया कपडे घेऊन गेली की फिक्री तोंडातलं पाणी गिळूनच टाकायचा. गल्लीला सगळं ठाऊक होतं. वावगं काही नव्हतं. पोरगा सरळ होता. त्यानं आईला रीतसर मागणी घालायला पाठवलं. मुतवल्लीनं त्या म्हातारीला पाणीसुद्धा विचारलं नाही. “माझी पुतणी पायानं इस्त्री करणाऱ्याच्या घरात जाणार? उद्या झाडूवाला येईल!”

आठवडा गेला नाही तो बातमी आली. तांता गावचा धान्याचा व्यापारी, हाजी शिहाता. बायको वारलेली, मुलगे सनियापेक्षा मोठे. मुतवल्लीची आणि त्याची कॉफीच्या दुकानात ओळख. तिथेच हुक्क्याच्या नळीवर मुतवल्लीनं शब्द देऊन टाकला होता.

बहीगा त्याच्याशी भांडली. मी जिन्यात उभी राहून ऐकलं. लपून नाही, सगळेच ऐकत होते.

“अरे, ती तुला काका म्हणते. त्या माणसाला आजोबा म्हणेल!”

“मी शब्द दिलाय, बहीगा.”

“शब्द तू दिलास, मग तूच जा ना तांत्याला!”

जिन्यात कुणीतरी हसलं आणि तिथेच घात झाला. मुतवल्लीला ते हसणं ऐकू गेलं. तो दारात आला, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “ऐका सगळे. काझीपुढे सनियाच्या तोंडून ‘नाही’ निघालं, तर नगियाला माझा तलाक!”

आमच्याकडे पुरुष ही शपथ फार घेतात. भाजीच्या भावावरून घेतात, पाहुण्यानं जेवूनच जावं म्हणून घेतात. पण घेतली की घेतली. अख्ख्या जिन्यानं ऐकली, आता ती मागे कशी जाणार?

नगिया स्वयंपाकघरातून पळी घेऊन बाहेर आली. “माझं काय चुकलं?” ती म्हणाली. “मी तर भात ढवळत होते!”

तिचं धाकटं पोर तिच्या कमरेवर होतं. मुतवल्ली फेझ टोपी चढवून कॉफीला निघून गेला. त्या रात्री मागे सुहेरचा बाप म्हणाला, “मी मरेन पण माझा शब्द मरणार नाही,” आणि गच्चीवर पहिल्यांदाच कुणी बी फोडली नाही.

सनियानं हट्ट केला नाही, विष पिईन म्हणाली नाही. ती दोन दिवस नगियाच्या पोरांना न्हाऊ घालत होती, त्यांची नखं कापत होती. मग बहीगाच्या कुशीत शिरून म्हणाली, “आत्या, मी ‘नाही’ म्हणू शकत नाही. नगियाकाकू कुठे जाईल चार पोरं घेऊन?”

“तू नको म्हणूस,” बहीगा म्हणाली. “कुणीच काही म्हणायचं नाही.”

वाट बहीगानं काढली. आमच्या भागातले काझी शेख बय्यूमी म्हातारे आणि कडक. लग्न लावण्याआधी ते साक्षीदारांना घेऊन बायकांच्या खोलीच्या दाराशी स्वतः यायचे आणि मुलीला विचारायचे. मुली काही बोलत नसतात. चांगल्या घरातली मुलगी ‘हो’ म्हणत नाही, मान खाली घालते. तिच्या जागी खोलीतल्या बायका झगरूता घालतात. तो झगरूता म्हणजे तिचा होकार. तो ऐकल्याशिवाय शेख बय्यूमी दौतीचं झाकण उघडायचे नाहीत. पलीकडच्या बुलाक मोहल्ल्यातल्या एका लग्नात खोली गप्प राहिली, तर ते चपला घालून निघून गेले होते. म्हणाले होते, “जिथे बायका गप्प, तिथे पोरगी कबूल नाही.” सगळ्या शुब्र्यात ही गोष्ट झाली होती.

“मग झालं तर,” बहीगा मला म्हणाली. “पोरगी ‘नाही’ म्हणणार नाही. आम्ही झगरूता घालणार नाही. काझी आपणहून उठून जातील. शपथही मोडत नाही आणि लग्नही होत नाही.”

“आणि मुतवल्ली तुला मारेल,” मी म्हणाले.

“मारू दे. ट्राममध्ये त्याला दुसरं काय शिकवलंय?”

गल्लीतल्या एकूण एक बाईला तिनं जाऊन सांगितलं. हाजीकडच्या बायका यायच्याच नव्हत्या. नवरी तांत्यालाच उतरवून घेणार होत्या. तो दोन मुलग्यांना घेऊन येणार होता. म्हणजे खोलीत सगळ्या आमच्याच. मी तर म्हटलं, माझा चुकून निघालाच तर काझी घाबरूनच पळतील. त्या दिवशी बहीगा बऱ्याच दिवसांनी हसली.

लग्न गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर होतं. मुतवल्लीचा पांढरा सूट सकाळीच इस्त्री होऊन आला. फिक्रीनं तो स्वतः आणून दिला, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला. दारात दिला, जिन्याकडे वळला, मग परत फिरून नगियाला म्हणाला, “कॉलर गरम आहे अजून. लगेच घालू नका म्हणावं.” मुतवल्ली आयुष्यात तेवढा कडक कधी दिसला नव्हता.

आम्ही मागच्या खोलीत बसलो. सनियाला गुलाबी पोशाख, डोळ्यांत काजळ. बहीगा तिचा हात धरून. नगिया तान्ह्याला छातीशी घेऊन कोपऱ्यात. मी खिडकीपाशी. बाकीच्या बायका दारापासून जिन्यापर्यंत, सगळ्यांचे ओठ मिटलेले, जणू तोंडात सुया धरल्यात. सरबत बाहेर तयार होतं, लालभडक, पेल्यांवर जाळीचे रुमाल.

दुपार टळली, काझी आले नाहीत. निरोप आला की आज लग्नांची गर्दी आहे, शेख शाराबियातल्या एका लग्नात अडकलेत. बाहेर हाजी शिहाता जपमाळ ओढत बसला होता. खरं सांगायचं तर माणूस वाईट दिसत नव्हता. थकलेला दिसत होता. घरात कुणीतरी भात वाढणारं हवं, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. सनियाकडे बघायचीसुद्धा त्याला घाई नव्हती.

ऊन गेलं. मगरिबची बांग झाली. खोलीत दिवा लावला. मग मागे थिएटरचं फाटक वाजलं, लोक खुर्च्या ओढायला लागले, आणि माझ्या लक्षात यायच्या आधी बहीगाच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तफीदा,” ती म्हणाली, “आज पहिला खेळ आहे.”

“रोजच असतो.”

“अगं, खिडकी!”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. काझी आत्ता आले तर ठीक. रात्रीच्या नमाजानंतर आले तरी ठीक. पण मधे, नेमक्या लग्नाच्या प्रसंगाला आले तर?

मी झडपा लावल्या. उन्हाळ्याचे दिवस, खोलीत एवढी माणसं. नगियाचं पोर लगेच घामेघूम होऊन रडायला लागलं. आणि लाकडी झडपांनी लाउडस्पीकर थोडाच थांबतो? सुहेर आणि तिचा डॉक्टर नाईलच्या काठावर भेटले, ते आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू येत होतं. त्याच्या आईची अंगठी. तिचं हसणं. गच्चीवरून आम्हाला न दिसणारा उजवा अर्धा भागसुद्धा मला त्या दिवशी डोळ्यांसमोर दिसत होता.

अंगठीचा प्रसंग संपतो तोच जिन्यावर काठी वाजली. शेख बय्यूमी धापा टाकत वर आले.

बहीगा उठून सरळ दारापर्यंत गेली. “शेखसाहेब, अल्लाहनं तुम्हाला बरकत द्यावी, लवकर करा! लगेच विचारा!”

मुतवल्लीला आनंदाचं भरतं आलं. “बघा हाजी! आमच्या घरच्या बायकांनाच जास्त घाई!”

पुरुष हसले. काझीही हसले. “बाई, दम खाऊ दे. मी काय ट्राम आहे?” मग त्यांना पाणी लागलं. मग कॉफी. मग हाजीच्या बापाचं नाव, आजोबांचं नाव, साक्षीदारांची नावं. मागे सुहेरचा बाप चिडायला लागला होता.

“कॉफी नंतर घ्या हो!” बहीगा दारातून म्हणाली.

“बहीगा, आत बस,” मुतवल्ली दातांतून म्हणाला.

ती आत येऊन बसली. सनियाचा हात धरला आणि तिच्याकडे बघत राहिली. भिंतीपलीकडे सुहेरचा बाप म्हणाला, “मी मरेन पण माझा शब्द मरणार नाही!” थिएटरात टाळ्या पडल्या. आता व्हायोलिन. व्हायोलिननंतर तिची आई तिला वेष चढवते, ती आरशात बघून एकदा डॉक्टरचं नाव घेते, आणि मग. मला सगळं पाठ होतं. मी मनात सुहेरला विनवत होते, बाई, आज जरा जास्त रड, थोडं लांबव, तुझं काय जातंय.

काझी दाराशी आले. मागे मुतवल्ली, त्याच्या मागे दोन साक्षीदार आणि हाजीचा थोरला मुलगा. काझींनी नजर खाली ठेवून, अगदी प्रेमानं विचारलं, “बेटी सनिया, हाजी शिहाता यांच्याशी तुझं लग्न लावायला तुझ्या काकाला तुझी परवानगी आहे?”

सनियानं मान खाली घातली नाही. ती बहीगाकडे बघत होती. खोली गप्प होती. जिना गप्प होता. त्या गप्पपणात मला वाटलं, झालं, आता ते वळतील, आता चपला घालतील. शेख बय्यूमींनी खरंच मान वर केली. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

आणि तो आला.

बंद झडपांतून, भिंतीतून, आमच्या पाठीमागून. एका दमात. संपेल वाटलं तिथून चढत गेलेला. पोटातून आनंदाचा. त्यात सुहेरचं रडणं बुडून गेलं, दिग्दर्शकाला हवं होतं तसंच. तान्हं दचकून गप्प झालं.

काझींच्या कपाळावरची आठी गेली. “अल्हम्दुलिल्लाह! मुबारक!” ते म्हणाले आणि वळले.

बहीगा किंचाळली, “तो मी नाही! शेखसाहेब, मी घातला नाही!”

काझी थांबले. “कोण नाही?”

“झगरूता! आम्ही कुणी घातला नाही! तो सिनेमातला आहे!”

“कसला सिनेमा?” म्हाताऱ्याच्या कानांना भिंतीपलीकडचं बोलणं ऐकूच येत नव्हतं, तेवढा झगरूताच पोचला होता.

मुतवल्ली हसला. तो रोज रात्री याच खोलीत जेवत होता. बहीगाचा झगरूता झाला की मुलुखियाचं भांडं त्याच्याच पुढे यायचं. त्याला सगळं समजलं होतं. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, “शेखसाहेब, माझी बहीण सिनेमात काम करते. घरात, बाहेर, तिच्या डोक्यात तेच.”

हाजीचा मुलगा म्हणाला, “पण आवाज यांचाच होता. हा तर आम्ही तांत्यातही ओळखतो.”

काझी बहीगाकडे बघायला लागले. “आवाज तुझा नव्हता?”

बहीगाला खोटं बोलता आलं असतं. अजून मला वाटतं, तिनं बोलायला हवं होतं. पण तिच्या त्या आवाजाशिवाय तिच्याकडे होतं काय? “आवाज माझाच आहे,” ती म्हणाली. “पण मी घातला नाही.”

“आवाज तुझा, आणि तू घातला नाहीस.” म्हाताऱ्यानं मान हलवली. “बाई, माझ्या दाढीकडे तरी बघ. माझी चेष्टा करू नकोस.”

“तफीदाला विचारा! नगियाला विचारा!”

मी “खरंय” म्हणाले. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. सिनेमात गर्दी, तशीच तिथेही. आणि नगिया? तिनं तान्ह्याच्या डोक्यावर तोंड टेकवलं होतं. तिनं खरं सांगितलं असतं तर तिच्या नवऱ्यानं तिचं पुढे काय केलं असतं, हे तिलाच ठाऊक.

पण शेख बय्यूमी खरंच चांगला माणूस होता. ते परत दाराशी आले. सगळ्यांना हातानं गप्प केलं. “बेटी,” ते सनियाला म्हणाले, “कुणाला भिऊ नकोस. तुझी आत्या काहीतरी वेगळं म्हणतेय. नको असेल तर नुसतं ‘नाही’ म्हण. मी याच पावली परत जातो.”

तोच एक शब्द तिला म्हणता येत नव्हता, आणि तोच ते मागत होते. आम्ही सगळे तिच्याकडे बघत होतो. सनियानं आत्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यात नगियाकडे, तिच्या मांडीवरच्या पोराकडे, दारातून डोकावणाऱ्या बाकीच्या तिघांकडे, ज्यांची नखं तिनं कापली होती. मग तिनं मान खाली घातली.

“लाजतेय,” साक्षीदार म्हणाला.

बाहेरच्या खोलीत मुतवल्लीनं आणि हाजीनं गुडघ्याला गुडघा लावून हातात हात दिला. काझींनी वर पांढरा रुमाल टाकला आणि निकाह लागला. सरबत आलं. थिएटरात सुहेर बेच्या गाडीतून निघाली होती आणि लोक नाकं शिंकरत होते.

निघताना सनिया सगळ्यांच्या गळ्यात पडली, आधी नगियाच्या. नगिया एवढी रडली की तिलाच धरावं लागलं. बहीगा मात्र भिंतीला पाठ लावून उभी होती. पोरीजवळ यायला तिला तोंड नव्हतं. सनियाच तिच्यापाशी गेली.

“आत्या,” ती म्हणाली, “तुझं तोंड बंद होतं. मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते.”

बहीगानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. खाली हाजीच्या मुलानं गाडीचा भोंगा वाजवला. गाडी कोपऱ्यावरून वळली तेव्हा फिक्रीच्या दुकानात दिवा होता आणि तो इस्त्री रेटत होता. समोर कपडा होता की नाही, मला दिसलं नाही.

सुहेरचा सिनेमा अजून बरेच दिवस चालला. रोज रात्री त्या वेळी बहीगा घराबाहेर निघून जायची, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापर्यंत चालत. तिला कुणी चिडवलं नाही. वेळेवर उतरवायला ती नसायची, म्हणून मुलुखिया आमची रोज जास्त शिजायची, आणि आम्ही तशीच खायचो.

थंडी पडायला लागली तेव्हा थिएटर बंद झालं आणि स्टुडिओतून बोलावणं आलं. ती जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण मुतवल्लीच्या घरात फुकट जेवायची तिची तयारी नव्हती. दुसरा सिनेमा, दुसरी नटी, पांढरा वेष तोच, मी ओळखला. कमरेत नुसता आवळला होता. नटी रडायला लागली. दिग्दर्शक नवा होता. तो म्हणाला, “सित्त बहीगा, आनंदाचा हवा बरं का.”

बहीगा पुढे आली. ओठांवर हात आडवा धरला. आम्ही सगळ्या वाट बघत होतो. काही निघालं नाही. तिनं घसा साफ केला, पाणी प्यायली, परत हात धरला. नुसता श्वास आला. दिग्दर्शक म्हणाला, “काय झालं बाई? सर्दी?” तिसऱ्यांदा तिची जीभ हललीही नाही. नटी रडायची थांबून तिच्याकडे बघायला लागली.

“अहो, राहू द्या तिला,” लबीब एफेंदी आपल्या यंत्रांमागून म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. तिची मजुरी बुडू नये एवढंच होतं. “तिचा जुना आहे ना माझ्याकडे. त्याच्यासारखा परत व्हायचा नाही. तोच लावू. तिला नुसती उभी राहू दे.”

“जुना?” बहीगा म्हणाली. “तो दुसऱ्या सिनेमातही लावता येतो?”

“हवा तेवढ्यांदा! अगं, तू आणि मी नसू तेव्हाही लागेल तो.”

त्यांना वाटलं, तिला आनंद होईल. दिग्दर्शकानं टाळी वाजवली. दिवे लागले. नटीनं परत रडायला सुरुवात केली. बहीगाला त्यांनी या वेळी पुढे, नटीच्या अगदी शेजारी उभं केलं. मी मागे गर्दीत होते, तिथून तिची एक बाजू मला दिसत होती. तिनं माइककडे पाहिलं नाही. त्या रडणाऱ्या पोरीकडे बघत ती ओठांवर हात आडवा धरून उभी राहिली, आणि हाताआड तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.